मन थाऱ्यावर राहावं म्हणून नागपुरात कुठे जाऊ? मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो. यंदा आमच्याकडे सगळंच एकदम बदललं. यजमानांची नोकरी गेली, मुलगी शिकायला पुण्याला गेली, आणि महाल भागातलं घर सोडून आम्ही मानेवाड्याला भाड्याने राहायला आलो. दिवस कामात निघून जातो. पहाटे मात्र जाग येते आणि छातीत धडधडतं. डॉक्टरांना दाखवलं, बीपी ठीक आहे. नामस्मरण करते, पण ओठ चालतात आणि मन घरभाड्याच्या हिशेबात.

माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रातल्या विपश्यना ध्यान-शिबिराबद्दल ऐकलं आहे. दहा दिवस तिथेच राहायचं, मौन पाळायचं, फी नाही. पण घरी सासूबाई आहेत, आणि मन इतकं हललेलं असताना ते झेपतं का? रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात विनामूल्य योग शिकवतात. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथे जमेल का? धंतोलीच्या रामकृष्ण मठात संध्याकाळी नेमाने जाणारं कुणी आहे का?

"सकारात्मक राहा" एवढंच कृपया सांगू नका, त्याने मला अजून एकटं वाटतं. अशा दिवसांत तुम्ही स्वतः रोज काय केलं, पहाटे जाग आल्यावर नेमकं काय केलं, ते सांगा. यजमानांनाही सोबत नेता येईल असं काही असेल तर फारच बरं, ते हल्ली बोलतच नाहीत.