डेटमधला बी म्हणायचाच नसेल तर लिहायचा कशाला?

मेथीची जुडी
लेक सातवीत आहे. काल रात्री मी भांडी घासत होते आणि ती ओट्याला टेकून स्पेलिंगची उजळणी करत होती, मी शब्द सांगायचा तिने स्पेलिंग म्हणायचं असं चाललेलं. कर्जवाला डेट आला तर म्हणे डी ई टी. म्हटलं अगं मध्ये बी आहे. तर म्हणते कुठेय, मला नाही ऐकू आला. पुढचा डाऊट, त्यातही बी. मग रिसीट, त्यात पी. तिसऱ्याला बाईसाहेबांनी वही मिटली, म्हणे आई जे बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला आणि हे ठरवलं कोणी? मी नेहमीचं ठेवणीतलं उत्तर दिलं, सायलेंट असतं, पाठ कर. पण खरं सांगू का, मलाही माहीत नाही. त्यात आमच्या ऑफिसात म्युच्युअल फंडवाला येतो तो चक्क डेब्ट फंड म्हणतो, बीसकट, आणि आम्ही सगळे माना डोलावतो. मग बरोबर काय? आणि हा बी मुळात आला कुठून?

लोकलमधली चौथी सीट
मी ऐकलंय की पूर्वी छापखान्यात अक्षरावर पैसे मिळायचे म्हणून खिळे जुळवणाऱ्यांनी उगाच जादा अक्षरं कोंबली. खरंखोटं देव जाणे.

शंकासुर
चौथी सीट, गोष्ट झकास आहे पण या बीला लागू पडत नाही. इंग्लंडात छापखाना आणला कॅक्स्टनने, १४७६ साली, वेस्टमिन्स्टरला. त्याच्या छापखान्याने काही उद्योग करून ठेवलेत हे खरं, घोस्टमधला एच त्यांच्यामुळेच आला, कारण कॅक्स्टन कितीतरी वर्षं तिकडे आताच्या बेल्जियममधल्या ब्रुजला राहून आलेला आणि तिकडच्या फ्लेमिश भाषेत तो शब्द एच घालून लिहायचे, तीच सवय इकडे आली. पण डेटमधला बी खिळेवाल्यांचा नाही, पंडितांचा आहे.

मेथीताई, असं बघा. लॅटिनमध्ये मूळ शब्द डेबिटुम, म्हणजे देणं. बँकेचा मेसेज येतो ना खात्यातून अमुक रुपये डेबिट झाले म्हणून, तो डेबिट याचाच सख्खा भाऊ. हा शब्द तोंडातोंडी झिजत फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत बी पार गळून गेला. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, त्यांच्या मागोमाग फ्रेंच शब्दांची रांग लागली, त्यात हाही आला आणि इंग्रज तेव्हा तो बी न घालताच लिहायचे, डी ई डबल टी ई. म्हणजे तुमच्या लेकीचं स्पेलिंग तसं चुकलेलं नाही, जरा सहाशे वर्षं जुनं आहे इतकंच.

हे झिजणं आपल्याला नवीन नाही. संस्कृत सप्त, प्राकृतात त्याचं सत्त झालं आणि मराठीत सात. प गेला. डेबिटुमच्या बीचं हुबेहूब हेच झालं, पुढच्या टीने त्याला गिळला. आता समजा उद्या पाच विद्वान एकत्र बसले आणि म्हणाले शब्दाचं मूळ कुळ दिसलंच पाहिजे, म्हणून आजपासून सात हा शब्द साप्त असा लिहायचा, वाचायचा मात्र सात. दूधमध्ये ग घाला कारण दुग्ध, हातमध्ये स घाला कारण हस्त, भातातसुद्धा क येणार कारण तो भक्तवरून आला. पोरांनी काय केलं असतं? इंग्रजीत नेमकं हेच घडलं. पंधराव्या सोळाव्या शतकात तिकडे लॅटिनचं भारी वारं सुटलेलं, लॅटिन दिसलं की शब्द खानदानी वाटायचा, मग डेट आणि डाऊटमध्ये बी आणि रिसीटमध्ये पी परत आणून बसवला. बसवला कागदावर, लोकांच्या तोंडात कोण जाऊन बसवणार? आणि यातही धड शिस्त नाही, रिसीटला पी दिला पण त्याच घराण्यातल्या डिसीटला, म्हणजे फसवणुकीला, दिला नाही. फ्रेंचांनीही मधे हाच आचरटपणा केलेला, बी घालून लिहायचे, पण त्यांनी नंतर तो काढून टाकला. इंग्रजांनी ठेवला.

चिंचेचं बुटुक
यावर शेक्सपियरने फिरकी घेतलेली आहे की. लव्हज लेबर्स लॉस्टमध्ये होलोफर्नीस नावाचा एक पंतोजी आहे, तो चिडतो की लोक डेट म्हणतात, त्यातला बी म्हणत नाहीत, डाऊटचंही तेच, आणि मग डी ई बी टी असं अक्षर अक्षर फोडून सांगतो. नाटक छापलं गेलं १५९८ ला. म्हणजे मेथी, तुझ्या लेकीची तक्रार त्याच्या बरोबर उलटी आहे, तो म्हणतो लिहिलंय ना मग बोला, ही म्हणते बोलत नाही ना मग लिहू नका 😄

शंकासुर
बुटुक, वा! आणि पंडितांनी निदान लॅटिन तरी नीट बघायचं. आयलंडमधला एस तर चक्क चुकून आलाय. तो जुना अस्सल इंग्रजी शब्द, त्यात एस कधी नव्हताच, आय एल ए एन डी असाच लिहायचे. पण शेजारी आइल हा फ्रेंच शब्द होता, तो लॅटिन इन्सुलावरून आलेला, त्यात एस होता. लोकांना वाटलं दोघं एकाच घरातले, मग यालाही एस चिकटवला. नात्याचा ना गोत्याचा.

निवृत्त मास्तर
इंग्रजांना हसण्याआधी आपल्या माळ्यावरची जुनी पुस्तकं काढा. पांच, दांत, नांव, कांहीं, नाहीं, मीं, तूं. हे टिंब आम्ही शाळेत घालत होतो, उच्चार कुणी करत नव्हतं. माझ्या पाठीवर त्या टिंबांपायी किती छड्या पडल्या ते मी मोजलेलं नाही. त्यातली काही टिंबं अगदी तुमच्या बीसारखीच, मूळ शब्दाची खूण म्हणून ठेवलेली. पांचमध्ये कारण पञ्च, दांतमध्ये कारण दन्त. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही न बोलली जाणारी टिंबं काढली तेव्हा आमच्या वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, ते पत्रात नांवच लिहायचे. फरक इतकाच की आपल्याकडे नियम करणारं कोणी होतं, इंग्रजीला असं महामंडळच नाही. अमेरिकेत डिक्शनरीवाल्या नोआ वेबस्टरने थोडी झाडलोट केली, कलरमधला यू काढला तो टिकला, पण टंगचं स्पेलिंग टी यू एन जी करा म्हणाला तर कोणी ऐकलं नाही.

लोकलमधली चौथी सीट
मास्तर 🙏 पण मग तो फंडवाला? चूकच ना?

शंकासुर
आजच्या घडीला चूकच, इंग्रजी डिक्शनरीत डेट हाच उच्चार मिळेल. पण त्याला फार हसू नका, त्याचं घोडं थोडक्यात हुकलंय. फॉल्ट घ्या. जुन्या इंग्रजीत, म्हणजे फ्रेंचमधून आला तेव्हा, त्यात एल नव्हता, फ्रेंचमध्ये आजही नाही. तोही पंडितांनी लॅटिनकडे बघून घातला, बराच काळ तो मुका होता, आणि पुढे लोक लिहिलेलं बघून बघून तो म्हणायला लागले. आता एल न म्हणता फॉल्ट म्हणून दाखवा. अॅडव्हेंचरमधला डी तसाच मागाहून आलेला, परफेक्टमधला के म्हणजे सी तोही तसाच. हे जिंकले, डेटचा बी हरला. का, याला काही कारण नाही, लोकांच्या जिभेची मर्जी.

आणि एक, थंबमधला बी या भानगडीतला नाही हां. लॅम्ब, क्लाइंब यांत बी पूर्वी खरंच म्हणायचे, मग तो जिभेवरून उतरला. थंबमध्ये मुळात नव्हता, या बाकीच्यांचं बघून घुसला.

मेथीची जुडी
सगळ्यांचे खूप खूप आभार, मास्तर तुमचं टिंब वाचून आजीची पत्रं आठवली, तीपण "तूं कशी आहेस" लिहायची आणि मला वाटायचं तिचं पेन गळतंय. सकाळी डब्याच्या घाईत लेकीला साप्तची गोष्ट सांगितली, भयंकर खूश. लगेच पुढचा प्रश्न, मग कर्नलच्या स्पेलिंगमध्ये आर कुठेय? मी म्हटलं पोळी खा.

शंकासुर
हाहा. मूळ इटालियन कोलोनेल्लो, एलवाला. फ्रेंचांनी त्याचं कोरोनेल केलं, आरवाला. इंग्रजीत दोन्ही रूपं नांदत होती, शेवटी स्पेलिंग एकाचं राहिलं आणि उच्चार दुसऱ्याचा. आपण मराठीत कानाला आला तसा कर्नल लिहून मोकळे झालो.

मेथीची जुडी
हे तिला शुक्रवारी सांगेन. परवा युनिट टेस्ट आहे आणि आजच गणिताच्या वहीत तिने "साप्त गुणिले आठ" लिहून ठेवलंय.