निळी आयशॅडो परत आलीय, येऊ द्या की!

निळीछटा

२०००च्या आगेमागे चेहऱ्यावर जे काही फासलं जायचं ते सगळं पुन्हा दिसायला लागलंय. पापणीभर बर्फाळ निळी आयशॅडो, गडद तपकिरी लिप लायनर आणि आत फिकट चकचकीत ग्लॉस, गालांवर-खांद्यांवर चमकी, डोळ्याच्या कोपऱ्यात चिकटवलेले खडे, निळा नाहीतर जांभळा मस्कारा. त्यावर जी नाकं मुरडली जातायत ती बघून हा काथ्याकूट.

माझं म्हणणं, ही फॅशन परत यावी आणि होती तशीच भडक यावी. गेली काही वर्षं 'मेकअप केलाय हे कळताच कामा नये' अशा मेकअपचं राज्य आहे. त्याला लागतं काय? प्रायमर, स्किन टिंट, कन्सीलर, क्रीम ब्लश, ब्राऊ जेल, वरून सेटिंग स्प्रे. एवढं थापून समोरच्याने म्हणायचं, 'अय्या, तू काहीच लावत नाहीस?' मेहनत करायची आणि लपवायचीही. निळ्या आयशॅडोत ही लपवाछपवी नाही. कुणाच्याच पापण्या जन्मतः निळ्या नसतात. हौस होती, लावली, दिसतेय.

आणि हा भडकपणा आकाशातून पडला नव्हता. दुकानात लाल, गुलाबी आणि मातकट छटांपलीकडे फारसं काही मिळायचं नाही, त्या कंटाळ्यातूनच १९९५ साली हार्ड कँडी आणि १९९६ साली अर्बन डिके या कंपन्या आल्या. हार्ड कँडीची तर सुरुवातच फिकट आकाशी नेलपॉलिशने झाली. २००० साली लँकोमचे ज्युसी ट्यूब्ज हे लिपग्लॉस आले आणि मग काय, सगळ्यांचे ओठ काचेचे!

बोला आता.

साधीसरळ

यादी मोठी छान केलीत, पण भुवया सोयीस्करपणे गाळल्यात. त्या काळाचा चेहरा आठवायचा तर आधी आठवते ती दोऱ्यासारखी कोरलेली भुवई. ती नसेल तर तुमची निळी पापणी अर्धवटच.

भुवया वारंवार मुळापासून उपटल्या की केसाचं मूळच दुखावतं आणि काही जागी केस परत येतच नाहीत. आयशॅडो रात्री पुसता येते, भुवई परत लावता येत नाही. पुढे २०१०नंतर कारा डेलेव्हिन या मॉडेलमुळे जाड भुवया आल्या, तेव्हा अनेकजणी उरलेल्या केसांवर पेन्सिलीने गवत काढत बसल्या होत्या.

दुसरं, त्या वेळी 'बारीक' हा एकच मंत्र होता. भुवया बारीक, कंबर बारीक, जीन्स ओटीपोटाखाली. चेहऱ्यावरची चमकी तेवढी उचलायची आणि ती ज्या शरीरांसाठी राखीव होती ते विसरायचं, याला मी आठवणींची साफसफाई म्हणते. गोड तेवढं ठेवलं, बाकीचं गादीखाली ढकललं.

निळीछटा

@साधीसरळ, भुवया मुद्दामच गाळल्या. पण हे पाप एकट्या २०००च्या माथी मारू नका. १९२०-३०च्या दशकांत क्लॅरा बो आणि मार्लीन डीट्रिख या सिनेतारकांच्या भुवया बघा. आणि बारीक भुवई हवीच असेल तर उपटायची गरज नाही. ड्रॅग कलाकार, म्हणजे भडक मेकअप करून बाईचं सोंग रंगवणारे, गोंदाच्या कांडीने केस चपटे करतात, वर कन्सीलरचा थर देतात आणि हवी तिथे नवी भुवई रेखतात. रात्री धुतली की आपली जुनी जागच्या जागी.

बारीक शरीराचं म्हणाल तर मान्य. पण तो दोष मासिकांचा आणि कपड्यांचा. आयशॅडोची डबी कुणाची कंबर मोजत नाही.

साधीसरळ

डबी मोजत नाही, जाहिरात मोजते. आणि डबी जाहिरातीवाचून विकली जात नाही.

उगाचच

मला एकच शंका. वारा सुटल्यावर ग्लॉसला चिकटलेले केस कुणी सोडवायचे?

रंगपेटी

@उगाचच, तो चिकटपणा बहुतेक वेळा पॉलिब्यूटीनचा. ग्लॉस जाड राहावा, ओठांवर टिकावा आणि चमकावा म्हणून तो घालतात. नवे ग्लॉस बरेच पातळ असतात, पण टिकतही तेवढे नाहीत. जे निवडाल ते.

आता मूळ मुद्द्याकडे. मी पोटापाण्यासाठी मेकअप करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वैतागलेली आहे. तेव्हाच्या त्या बर्फाळ छटा सावळ्या-काळ्या त्वचेवर राखाडी दिसायच्या आणि दोष कुणाला मिळायचा? त्वचेला. 'तुला निळा जात नाही' हे वाक्य कितीजणींनी ऐकलं असेल! खरं तर दोष पावडरीचा. त्यात टॅल्क आणि टायटॅनियम डायऑक्साइड असा पांढरा भरणा भरपूर असायचा. गोऱ्या त्वचेवर तो खपून जातो, गडद त्वचेवर पीठ सांडल्यासारखा दिसतो.

गंमत अशी की चमक ज्या कणांमुळे येते ते कण मुळात गडद पृष्ठभागावरच खुलतात. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय बारीक थर चढवतात. थर जसजसा जाड होतो तसतशी चमक रुपेरीवरून सोनेरी, लाल, निळी, हिरवी अशी बदलत जाते. इथे निळेपणा रंगद्रव्याचा नसतो, प्रकाशाच्या खेळाचा असतो. खालची त्वचा फिकट असेल तर तिच्यावरून परतणाऱ्या उजेडात तो बुजतो. गडद असेल तर ठसठशीत उठतो. म्हणजे भरणा कमी केला असता तर ही फॅशन सर्वात जास्त कुणाला शोभली असती, बघा! पण तेव्हा बहुतेक कंपन्यांना गडद त्वचेची फिकीर नव्हती. फेंटी ब्यूटी या ब्रँडने २०१७ साली फाउंडेशनच्या ४० छटा एकदम बाजारात आणल्या, तेव्हा कुठे बाकीच्यांनी आपापली कपाटं तपासली.

तपकिरी लायनर आणि ग्लॉसचंही तसंच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुली ते आधीपासून लावत होत्या. त्यांच्यावर ते 'उथळ' आणि इतरांवर 'ट्रेंडी'. म्हणून मला ही फॅशन परत हवी आहे, पण या वेळी पावडर नीट बनवून.

निळीछटा

रंगपेटीताई, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

हिरवीमाया

अभ्रकाचा विषय निघालाच आहे तर पुढचंही ऐका. झारखंड-बिहारच्या पट्ट्यात आणि मादागास्करमध्ये अभ्रक वेचायला लहान मुलं राबतात, हे वर्षानुवर्षं उघड आहे. ते थांबावं म्हणून २०१७ साली रिस्पॉन्सिबल मायका (म्हणजे अभ्रक) इनिशिएटिव्ह सुरू झालं. काही कंपन्या प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम अभ्रकाकडे वळल्या. पण घेणाऱ्यांपैकी कितीजणी हे विचारतात?

चमकी तर त्याहून वाईट. नेहमीची चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. तोंड धुतलं की थेट गटारात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक चमकीवर बंदी घातली, पण मेकअप, ओठ आणि नखांच्या उत्पादनांना २०३५पर्यंत मुदत दिली. म्हणजे ज्या चमकीबद्दल तुम्ही भांडताय तिलाच एकूण बारा वर्षांची सवलत आहे. हौस तुमची, गाळ समुद्राचा.

निळीछटा

@हिरवीमाया, चमकीवर माझ्याकडे उत्तर नाही. प्लास्टिकची चमकी नकोच. सेल्युलोजपासून केलेली मिळते. पण 'निसर्गात विरघळते' असं लेबलवर लिहिलं की लगेच विश्वास ठेवावा, इतकी भोळी मीही नाही. निळ्या आयशॅडोला मात्र प्लास्टिक लागत नाही, तेव्हा ती या खटल्यातून सुटली.

चाळिशीपार

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. हा सगळा साज तेव्हा आम्ही लावला होता. आता विशीतल्या मुलींनी लावला की रेट्रो, आणि आम्ही लावला की 'बाई अजून तिथेच अडकलीय'. वर सल्ला तयार असतोच, चाळिशीनंतर चमक नको, सुरकुत्या उठून दिसतात.

अहो, दिसतात तर दिसतात! सुरकुती दिसली म्हणून कुणाचा प्राण जातो? ज्यांची आठवण विकली जातेय त्यांनाच बाजूला उभं करायचं, हे मला खटकतं. बाकी तुमचं चालू द्या.

साधीसरळ

@चाळिशीपार, तुमच्याशी पूर्ण सहमत, आणि माझा विरोधही नेमका याच कारणाने. हौस असती तर वयाची अट आली नसती. हा गणवेशच आहे, फक्त रंगीत. तो 'काहीच लावलं नाही' वाला बेज गणवेश होता, हा निळा. व्हिडिओत सांगतील तीच छटा, तोच लायनर, ग्लॉसचा थेंब बरोबर मधोमध. यात बंड कुठलं? तेव्हाही वर्गातल्या सगळ्या मुली एकसारख्याच दिसत होत्या, फोटो काढून बघा.

निळीछटा

एकसारख्या दिसत होत्या, हे खरं. पण एकमेकींना दाखवायला सजत होत्या. आरशासमोर चौघी कोंबून, एकीची डबी दुसरीच्या हातात. बेजच्या गणवेशात ते नाही. तिथे प्रत्येकजण एकटी आणि प्रत्येकीची 'त्वचाच तशी'.

उगाचच

जुन्या वस्तू विकणाऱ्या साइटवर तेव्हाच्या अस्सल, न उघडलेल्या डब्या मिळतायत. घेऊ का?

रंगपेटी

शोकेसमध्ये ठेवायला घ्या. डोळ्याला आणि ओठाला लावू नका. तेल खवट होतं, ओलसर पदार्थातले परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) इतकी वर्षं काम करत नाहीत. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '१२ एम', म्हणजे उघडल्यावर बारा महिने, असं लिहिलेलं असतं ना, ते युरोपात २००५पासून सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या त्या अस्सल डबीवर ते असण्याची शक्यता कमीच. मस्कारा तर नवा असला तरी उघडल्यावर तीन महिन्यांत टाकायचा. आणि हस्तकलेची चमकी डोळ्याजवळ नेऊ नका, बुबुळावर ओरखडा उठतो.

@चाळिशीपार, कुणी विचारलं नाहीये तरी सांगते. पापणीवर आधी चमक नसलेला निळा, आणि चमकदार फक्त मधोमध, बारीक कणांचा. कण जितके मोठे तितकी रेघ उठते. पटलं तर करा, नाहीतर पूर्ण पापणीभर फासा, मला चालेल.

चाळिशीपार

फासणार.

साधीसरळ

निळ्या मस्काऱ्यापर्यंत मी यायला तयार आहे. आयशॅडोला विरोध कायम, आणि भुवयांवर चर्चाच नको.

निळीछटा

मस्काऱ्याचं लेखी घेतलंय हं!