96 तास आणि टाकीतला सामू
सांडपाण्याच्या चाचणीत त्यात सोडलेल्या माशांपैकी 90 टक्के 96 तासांनंतर जिवंत राहिले की ते सांडपाणी निर्धोक, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. आपल्याकडचा निकष तोच आहे हे खरे, परंतु त्या चार दिवसांत टाकीतल्या पाण्याचे काय होते, याचा विचार त्यात आलेला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत अमोनियायुक्त सांडपाण्याच्या एका नमुन्यात पहिल्या दिवशी गप्पी मासे व्यवस्थित पोहत होते. दुसऱ्या सकाळी ते पृष्ठभागाशी येऊन कल्ले भराभर हलवू लागले आणि संध्याकाळपर्यंत निम्मे मेले; साध्या पाण्याच्या टाकीत मात्र एकही दगावला नव्हता. नमुना तोच, ऑक्सिजनही पुरेसा, बदलला होता तो सामू, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा (pH). हवेच्या बुडबुड्यांबरोबर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने तो 7.2 वरून 8.2 वर चढला होता. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का माशांना घातक अशा मुक्त रूपात असतो, तर सामू 8 झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे मेलेल्या माशांच्या आकड्याशेजारी रोजच्या सामूची नोंद नसेल, तर असा अहवाल, निकाल कोणताही असो, मी परत पाठवतो.