फेयेनूर्दचं स्टेडियम आणि आसपासचं रॉटरडॅम: फोटो काढलेत का? अनुभव लिहा

मासकाठी:
परवा हार्डडिस्क आवरायला घेतली, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचं फोल्डर उघडलं आणि बाकीचं आवरणं तिथेच राहिलं. आम्ही मास नदीच्या दक्षिणेला राहायचो. रविवारी सकाळी, सामना नसेल तेव्हा, मी कॅमेरा घेऊन फेयेनूर्द या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमवर जायचे. गावातले लोक त्याला द काउप म्हणतात. १९३७ सालचं आहे. ब्रिंकमन आणि व्हान डेर फ्लुख्त या आर्किटेक्ट जोडीचं काम. त्यांचीच व्हान नेले फॅक्टरी २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बाहेरून पोलादी सांगाडा आणि जिने उघडे दिसतात. ऊन तिरपं असलं की जिन्यांच्या सावल्या एकमेकींत अडकतात, तासभर कसा जातो कळत नाही.

पण मी सगळ्यात जास्त फोटो काढले ते बंद फाटकांचे. १९४४ च्या १० आणि ११ नोव्हेंबरला जर्मनांनी रॉटरडॅम आणि शेजारच्या स्खीडाममधून सुमारे ५० हजार पुरुष पकडून सक्तीच्या मजुरीला नेले. ज्या जागी त्यांना आधी गोळा केलं, त्यांत हे स्टेडियमही होतं. हे कळल्यापासून तिथे रंगीत फोटो काढावासाच वाटला नाही.

तुम्ही काय टिपलंत? स्टेडियम, पूल, घरं, काहीही चालेल.

कोल्हापुरी_शिट्टी:
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅची बघत वाढलेला माणूस तिथं गेल्यावर आधी कुठं जाणार! बॅगा टाकल्या आणि थेट ग्राउंड. २००० च्या युरोची फायनल इथलीच. इटली जिंकल्यात जमा होती, फ्रान्सच्या विल्तोर्दनं भरपाई वेळेत बरोबरी केली आणि मग जादा वेळेत त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे झाला की मॅच तिथंच संपली. आमच्या पेठेत मध्यरात्र उलटून गेल्यावर सगळे रस्त्यावर. टूर घेतली, दोन्ही गोलपोस्टचे फोटो काढले. तो गोल कुठल्या बाजूला झाला यावर भावाशी अजून वाद चालू आहे.

डेल्फ्टकर:
स्टेडियम मी फक्त डोर्ड्रेख्तच्या ट्रेनमधून पाहिलंय, त्यामुळे पुलाबद्दल लिहितो. एरास्मस पूल १९९६ चा, लांबी ८०२ मीटर, मनोरा १३९ मीटर, आर्किटेक्ट बेन व्हान बेर्केल. सगळे लांबून अख्खा पूल काढतात. माझा आवडता फोटो केबलच्या बुडाशी बसवलेल्या डॅम्परचा, म्हणजे हादरे शोषणाऱ्या यंत्राचा आहे. पूल सुरू झाला त्याच वर्षी पाऊस आणि वारा एकत्र आले आणि केबल जोरात हलायला लागल्या. पूल बंद ठेवावा लागला, नंतर हे डॅम्पर आले. स्ट्रक्चरवाल्यांनी तिथे जरूर थांबावं. ट्रायपॉड मात्र काठावरच लावा, पुलावरून ट्राम जाते तेव्हा फ्रेम थरथरते.

सईची_आई:
क्यूब घरं!!! आर्किटेक्ट पीट ब्लोमची, तिरकी उभी केलेली ठोकळ्यांसारखी, ब्लाक स्टेशनला लागूनच. खालच्या चौकात उभं राहून मोबाईल सरळ वर धरा, घरांच्या मधून आकाशाचा कोनाकोनांचा तुकडा येतो. एक घर तिकीट काढून आतून बघता येतं, भिंती कललेल्या, सई म्हणाली इथे कपाट कुठे ठेवतात गं? फोडणी करपतेय, नंतर लिहिते

सुमन_आयंधोवन:
सईची आई, हेल्मंडलाही ब्लोमची तशीच घरं आहेत, रॉटरडॅमच्या आधीची. आमच्याकडून ट्रेनने जवळ. गर्दी फारशी नसते, निवांत फोटो निघतात. आलात तर जेवायलाच या.

सईची_आई:
नक्की येणार ताई 😊 वांग्याचं भरीत करणार असाल तर उद्याच

पेठकर७:
मार्क्थाल, म्हणजे छताखालचा बाजार, कुणीच काढला नाही? २०१४ चा, घोड्याच्या नालेसारखा. छतावर ११ हजार चौरस मीटरचं चित्र, फळं, मासे, फुलं, आणि त्याच कमानीत २२८ घरं. काहींच्या खिडक्या चित्रातून थेट बाजारात उघडतात. कुणी खिडकीत आलं की तेवढा क्षण पकडायचा. वाइड लेन्स हवीच.
अवांतर: वेस्ट क्राउसकाडेवर सुरिनामी दुकानात बारा नावाचा वडा खाल्लात का? उडदाच्या डाळीचा. मला आईची आठवण आली.

मासकाठी:
पेठकर, बारा खाल्लाय, चटणीसकट 🙂 तिथल्या हिंदुस्तानी (मूळच्या भारतीय घराण्यातल्या सुरिनामी) आजी माझ्याशी सरनामीत, म्हणजे त्यांच्या भोजपुरीसारख्या भाषेत बोलायच्या, बरंच कळायचं.

निवृत्त_शिक्षक:
लेकीकडे राहायला गेलो होतो. १४ मे १९४० च्या बॉम्बफेकीत शहराचा मध्यभाग जळाला, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. आग जिथवर पोहोचली ती सीमा फुटपाथमध्ये दिवे बसवून दाखवली आहे. संध्याकाळी खाली वाकून फोटो घ्यावा, दिव्यांची ओळ छान येते. (गुडघ्यांनी साथ दिली.) शिल्पकार झाडकिनचा, त्या बॉम्बफेकीची आठवण म्हणून उभारलेला पुतळाही पाहिला, १९५३ चा. हात वर केलेला माणूस, छाती-पोटाच्या जागी पोकळी. त्या पोकळीतून पलीकडची नवी इमारत टिपता येते, परंतु मला ते योग्य वाटले नाही. मोकळे आकाश ठेवले.

डेल्फ्टकर:
काका, हा फोटो इथे टाका ना. आणि पांढरी इमारत, द विटे हाउस, काढलीत का? १८९८ ची, त्या आगीतून वाचलेली. क्यूब घरांच्या अगदी मागे.

निवृत्त_शिक्षक:
काढली आहे. नात आली की तिच्याकडून चढवून घेतो.

ऑरेंज_आर्मी:
फुटबॉलपटू क्रायफचा विषय निघाला नाही अजून? फेयेनूर्दचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या आयॅक्स क्लबचा देव माणूस, पण शेवटचा मोसम, १९८३-८४, फेयेनूर्दकडून खेळला आणि लीग आणि कप दोन्ही जिंकून थांबला. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडियमला आता त्याचं नाव आहे, तरी मला त्याचा फेयेनूर्दच्या जर्सीतला फोटो जास्त आवडतो.

कोल्हापुरी_शिट्टी:
ऑरेंज भावा, हे आमच्याकडं एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेल्यासारखं झालं. घरात जेवण मिळणार नाही!

फोटोवेडा_नाशिक:
डिसेंबरात जातोय. उजेड किती मिळेल? आणि द हेफ कुठून चांगला दिसतो?

मासकाठी:
फोटोवेडा, साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, सकाळी पावणेनऊच्या आसपास उगवतो. म्हणजे निळा उजेड पकडायला रात्र जागायला नको, जूनमध्ये त्यासाठी दहाच्या पुढे थांबावं लागतं. द हेफ म्हणजे १९२७ चा उचलता रेल्वेपूल, आता त्यावरून गाड्या जात नाहीत. नदीतल्या नोर्डरआयलंड बेटाच्या काठावरून बघा. तिथून स्टेडियमकडे चालतही जाता येईल, पण वारा बोचरा असतो, कानटोपी घ्या. स्टेडियमचं वेगळं रेल्वे स्टेशन आहे, तिथे गाड्या सामना किंवा कार्यक्रम असेल तेव्हाच थांबतात. एरवी ट्राम पकडा. सामन्याला जाणार असाल तर कॅमेऱ्याचे नियम तिकिटावर आधी वाचा.

फोटोवेडा_नाशिक:
खूप आभार ताई. कानटोपी आईने आधीच बॅगेत टाकलीय.