'साइड-चॅनल'ला मराठीत काय म्हणावं? चोरवाट, पार्श्ववाहिनी की आणखी काही?

सोल्डरगन (उद्यमनगर, कोल्हापूर)

शब्द हवाय, आणि जरा लवकर हवाय. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या पोरांसाठी मी मराठीत एक टिपण लिहितोय. डिप्लोमा करून आलेली पोरं, हातानं हुशार, पण इंग्रजी कागद समोर आला की शेवटच्या पानावरची आकृती तेवढी बघतात. विषय असा: उपकरणातली चिप परवलीचा शब्द तपासत असताना किती वीज ओढते, एवढ्यावरून बाहेरच्या माणसाला तो शब्द काढता येतो. याला 'पॉवर साइड-चॅनल अटॅक' म्हणतात. वीज आणि हल्ला इथवर गाडी आली, मधल्या शब्दापाशी अडली.

आधी मी 'चोरवाट' लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एकानं विचारलं, "सर, ती चोरवाट बोर्डावर नेमकी कुठं असते? बुजवून टाकू की." त्याचं काय चुकलं? चोरवाट म्हटल्यावर पन्हाळ्याची अंधारबाव डोळ्यांपुढं येणार. ती वाट कुणीतरी मुद्दाम ठेवलेली असते. इथं कुणी काही खणलेलं नाही, कोडमध्ये मागचं दार नाही, बोर्ड अगदी ड्रॉइंगप्रमाणे आहे.

मी स्वतः काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल. पंपाच्या मोबाईल स्टार्टरसाठी आम्ही एक कंट्रोलर केला होता. सेटिंग बदलायला चार आकडी पिन. कोड माझाच: आलेला पहिला आकडा साठवलेल्या पहिल्या आकड्याशी जुळवायचा, मग दुसरा, आणि जिथं चुकला तिथूनच 'नाही' म्हणून परत फिरायचं. शंभरातले नव्वद जण असंच लिहितात. एका रविवारी कारखाना बंद असताना मी ग्राउंडच्या वायरीत १० ओहमचा रेझिस्टर घातला, चिपच्या पायाशी असलेला कपॅसिटर काढला (तो सगळे धक्के गिळून टाकतो) आणि स्कोपचा (विजेचे चढउतार पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र) प्रोब लावला. करंट ५ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे रेझिस्टरवर जेमतेम ५० मिलिव्होल्ट. पडद्यावर करवतीसारखी दातेरी रेघ. पहिला आकडा शून्यापासून नऊपर्यंत बदलत गेलो. नऊ वेळा रेघ एकाच जागी मोडली. सातला मात्र मोडायच्या आधी चार-पाच दात जास्त आले. पिन सातानंच सुरू होत होती. चार आकड्यांच्या पिनला १०,००० शक्यता. अशा रीतीनं एकेक आकडा सुटा काढला तर जास्तीत जास्त ४० प्रयत्न. पिन मला माहीत होती, तरी पोटात गोळा आला.

तर, चिपनं न सांगता सांगितलेल्या या गोष्टीला काय म्हणायचं?

जुना मास्तर

'पार्श्ववाहिनी' घ्या. 'चॅनल'ला 'वाहिनी' रुळला आहे, आणि 'पार्श्व' आपण पार्श्वगायन, पार्श्वभूमी असा रोज वापरतो. मूळ संज्ञाही संदेशशास्त्रातूनच येते: संदेश जायचा एक ठरलेला मार्ग, आणि त्याच्या बाजूनं माहिती नेणारा, न ठरवलेला दुसरा. पॉल कोचर यांनी १९९६ साली आकडेमोडीला लागणाऱ्या वेळेवरून गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करणारा गुप्त आकडा) काढता येते हे मांडलं. १९९९ साली जोशुआ जाफी आणि बेंजामिन जुन यांच्यासोबत त्यांनीच वीजवापराच्या असंख्य नोंदींतला फरक काढून किल्ली शोधायची रीत दाखवली. तेव्हापासून हे सगळं शास्त्र 'चॅनल' याच कल्पनेवर उभं आहे. तुम्ही घरगुती शब्द शोधायला गेलात तर ती कल्पना निसटेल.

सोल्डरगन

सर, पार्श्वगायनात पडद्यामागं असली तरी गायिका गातेच की, आणि मुद्दाम गाते! ही चिप कुणासाठीच गात नाही. शिवाय 'वाहिनी' लिहिलं की पोरं वायर शोधणार. चोरवाटेचं झालं तेच पुन्हा.

रिवाइंडिंगवाला (गोकुळ शिरगाव)

सोल्डरगन भाऊ, तुम्ही स्कोपवर जे बघितलं ते आमचा शेतकरी रोज अँपिअर मीटरवर बघतोय. मोटार चालू केली आणि काटा नेहमीच्या जागंवर जाऊन बसला की पाणी चढलं. काटा खाली राहिला म्हंजे फूटव्हॉल्व्हनं पाणी सोडलंय, पंप कोरडा फिरतोय. विहिरीत डोकवायचं कारणच न्हाई. आमच्या शेडमध्ये बल्बची पापणी लवली की शेजारच्यानं वेल्डिंग धरलंय हे भिंतीपलीकडं न बघता कळतं. याला आम्ही 'काट्यावरनं कळतं' म्हणतो. तुमच्या टिपणात शोभायचं न्हाई ते.

एक मात्र सांगतो, 'वीजगळती' लिहू नका. आमच्यात गळती म्हंजे करंट बॉडीत उतरणं. तुमचं पोरगं मेगर घेऊन इन्सुलेशन तपासत बसंल.

सोल्डरगन

मेगरचं खरंय, 'गळती' पहिल्या मसुद्यात होतीच, काढली. इंग्रजीत हे लोक सर्रास 'लीकेज' म्हणतात म्हणून लिहून गेलो होतो. त्या अर्थानं कधी लागलाच तर 'माहितीचा पाझर' म्हणेन. पाझर भोक पडल्यानं नसतो, मातीच तशी असते.

आणि तुमच्या काट्यावरून मला शब्द सापडलाय असं वाटतं: चाहूल. घरात कुणी आलं तर तो बोलत नाही, आपण बघत नाही, पण पायरीवर पाय पडतो आणि कळतं. आलेला माणूस ते मुद्दाम करत नाही. चालायचं म्हटलं तर पाऊल वाजणारच. चिपचंही तेच, काम करायचं म्हटलं तर वीज ओढणारच. 'साइड-चॅनल अटॅक'ला 'चाहूल-हल्ला'. आणि चोरवाट बुजवता येते, चाहूल बुजवता येत नाही. बरोबर पिनची आणि चुकीच्या पिनची चाहूल सारखीच यावी एवढीच व्यवस्था करता येते. माझ्या पोराचा प्रश्न या शब्दानं मुळातच उठत नाही.

जुना मास्तर

विचार करण्यासारखं आहे. मी आणखी एका बाजूनं तपासून पाहिलं, क्रियापदांच्या. 'सुगावा' बहुधा लागतो. तो दिला-घेतला असं क्वचितच ऐकू येतं. 'कानोसा' फक्त घेतात, आणि तो कानाला बांधलेला आहे. 'चाहूल' मात्र लागते, देता येते आणि घेताही येते. म्हणजे उपकरण चाहूल देतं, हल्लेखोर चाहूल घेतो, आणि उघडकीला येण्याची घटना म्हणजे चाहूल लागणं. तीन भूमिका एकाच शब्दात बसतात. 'पार्श्ववाहिनी'ला हे जमत नाही, हे मान्य करतो. 'मागमूस' मराठीत बहुधा नकारातच येतो, 'मागमूसही नाही' असा; तो चाचणीच्या अहवालासाठी राखून ठेवा.

सोल्डरगन

सर, चाचणी खरंच तशी असते! एकच ठरलेली किल्ली चालवलेल्या रेघा एका ढिगात, वाटेल त्या किल्ल्यांच्या दुसऱ्या ढिगात, आणि दोन्हींच्या सरासरीतला फरक संख्याशास्त्रातल्या टी-कसोटीवर घासायचा. उत्तर ४.५ च्या वर गेलं की चाहूल आहे. खाली राहिलं तर 'मागमूस लागला नाही'. 'चाहूल नाही' असं मात्र लिहायचं नाही, कारण रेघा वाढवल्या तर उद्या लागेलही.

तालमीतला

मी कॉम्प्युटर शिकतोय आणि सकाळी तालमीत जातोय. उपायांमध्ये 'डमी ऑपरेशन' आणि 'रँडम डिले' येतात, त्यांना हूल म्हणा की. आमचे वस्ताद सांगतात, डाव टाकायच्या आधी खांदा ताठरला की समोरच्याला कळलं. म्हणून खांदा उगाच हलवत ऱ्हायचं, पटाला जातोय असं दाखवायचं आणि जायचं न्हाई. चिपनंही मधेमधे खोटी कामं करायची, मधेच थांबायचं.

सोल्डरगन

लई भारी. 'हूल' घेतला. फक्त वस्तादांना विचार, एकाच पैलवानाला दहा हजार वेळा हूल दिली तर काय होईल? चिपवाला हल्लेखोर तेवढ्या वेळा खेळतो, न थकता. रेघांची सरासरी काढत गेलं की खरखर (मधे मिसळलेले निरर्थक चढउतार) वर्गमुळाच्या हिशोबानं उतरते: १०,००० रेघांना शंभरावा हिस्सा उरतो. उशीर वाटेल तसा घातला तरी रेघा सरकवून एकाखाली एक जुळवतात. म्हणून हूल एकट्यानं पुरत नाही.

पुण्यात नोकरी, घर राजारामपुरी

भावांनो, चर्चा छान आहे, पण डेटाशीटवर 'साइड-चॅनल'च छापलेलं असणार. पोरं शोधणार काय, 'चाहूल-हल्ला'? सरळ साइड-चॅनल लिहा आणि पुढं जा.

आणि सोल्डरगन, तुझ्या टिपणात अर्धीच गोष्ट आहे. चुकलं तिथून परत फिरणं बंद केलं, चारही आकडे दरवेळी शेवटपर्यंत तपासले, फरक साठवत जाऊन एकदाच निकाल दिला, म्हणजे वेळेची चाहूल गेली. वजनाची, म्हणजे एकाच वेळी किती तारा बदलल्या याची, राहिलीच. आठ तारांपैकी किती तारा शून्यावरून एकावर गेल्या त्यावर त्या क्षणाची वीज ठरते. आम्ही हार्डवेअरमध्ये १२८ बिट एकाच ठोक्याला जुळवतो, तिथं पळवाट म्हणून वेळ शिल्लकच नाही, तरी किती बिट वेगळे निघाले ते करंटमध्ये दिसतं. म्हणून गुपित सरळ जुळवायचंच नाही. ओपनटायटन या खुल्या आराखड्याच्या चिपमध्ये आलेलं टोकन (परवलीचा लांब आकडा) आधी हॅशमधून (उलट फिरवता न येणाऱ्या गणिती चरकातून) काढतात आणि साठवलेल्या हॅशशी जुळवतात. तिथं चार बिट जास्त जुळले म्हणून टोकनाच्या जवळ गेलो असं होत नाही. टोकनाचा एक बिट बदलला की हॅश सगळाच उलटापालटा होतो.

सोल्डरगन

'साइड-चॅनल' कंसात नाही, पहिल्याच ओळीत देतो, म्हणजे शोधायला अडणार नाही. समजायला मात्र चाहूल. वेळेची चाहूल आणि वजनाची चाहूल ही विभागणी जशीच्या तशी उचलतोय.

वजनाच्या चाहुलीवरचा दुसरा उपाय 'मास्किंग'. त्याला सगळे 'मुखवटा' म्हणतात आणि मला तो शब्द पटत नाही. मुखवट्याखाली चेहरा अख्खा शाबूत असतो. इथं चेहराच कुठं एका जागी नसतो. मी वाटे म्हणतोय. पिनचा आकडा ७ असेल तर आज त्याचे वाटे ४ आणि ३. पुढच्या वेळी ९ आणि ८, बेरीज १७, हातचा सोडून ७. पहिला वाटा दरवेळी नव्यानं, वाटेल तो. चिप दोन्ही वाट्यांवर वेगवेगळं काम करते आणि ते एका तारेवर कधीच एकत्र येऊ देत नाही. गावात बोकड कापून वाटे घालतात तिथं मात्र उलटा नियम: प्रत्येक वाट्यात थोडं थोडं सगळं यायला पाहिजे, नाहीतर भांडणं. इथं एका वाट्यात कशाचाच पत्ता लागता कामा नये. तेवढा फरक पोरांना तोंडी सांगेन.

आणि एक गोष्ट टिपणात येणारच, कारण त्यात शब्दाचा प्रश्नच नाही. जुन्या काही कार्डांत पिन आधी जुळवायचे आणि चुकली तर 'एक प्रयत्न गेला' अशी नोंद मेमरीत करायचे. ती नोंद करायला काही मिलिसेकंद जास्त करंट लागतो. हल्लेखोर काटा चढताना बघायचा आणि तेवढ्यात वीज तोडायचा. नोंद होतच नसे, प्रयत्न अमर्याद. उपाय फुकटातला: आधी प्रयत्न वजा करून लिहायचा, मग पिन बघायची, बरोबर निघाली तर परत द्यायचा. दुकानदार आधी वहीत मांडतो, मग पोतं उचलू देतो, तसं.

जुना मास्तर

'चाहूल' शीर्षकात, 'हूल' आणि 'वाटे' मजकुरात. माझी हरकत मागं घेतो. मात्र 'ट्रेस'साठी 'रेघ' फारच ढोबळ वाटतो. 'माग' का नको?

सोल्डरगन

माग हातमागाचा आठवतो, सर. आमची दोन पोरं इचलकरंजीची आहेत. रेघच राहू दे.

रिवाइंडिंगवाला

ते सगळं झालं. त्या सातावरनं सुरू होणाऱ्या पिनचं पुढं काय केलं? माझ्याकडं तुमचेच दोन स्टार्टर रिपेरीला आलेत.

सोल्डरगन

नव्या मालात कोड बदललाय. रानात गेलेत त्यांच्यात जुनाच आहे. त्यातली पिन काढायची तर आधी विहिरीवर जायचं, पेटी उघडायची, बोर्ड सोडवायचा, कपॅसिटर काढायचा, रेझिस्टर डाग द्यायचा, स्कोपला लाइट शोधायची. एवढ्या वेळात माणूस मोटारच उचलून नेईल.