उपचार सुरू असताना मुलांची बारावी, सीईटी, अ‍ॅडमिशन : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धाग्याची सुरुवात

माझ्या केमोच्या तारखा आणि पोरीच्या सीईटीच्या तारखा आमच्या फ्रिजवर एकाच चुंबकाखाली लागल्या होत्या. दोन वर्षं झाली. आता ओळखीतल्या दोघी त्याच वाटेवर आहेत, विचारून राहिल्या. म्हटलं, सगळ्यांनीच लिहावं. डोस आणि गोळ्या डॉक्टर सांगतात, घरात काय झालं ते लिहा.

माझं सांगते. स्तनाचा कर्करोग. दर 21 दिवसांनी लाल औषधाचे चार डोस, मग दर आठवड्याला दुसऱ्याचे बारा. लाल म्हणजे डॉक्सोरुबिसिन. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी बाथरूममध्येच बसून राहिले. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो, एक-दोन दिवसांत जातो. हे मला नंतर कळलं. केस सतराव्या दिवसापासून गळाले, त्याची तयारी होती.

तयारी नव्हती ती कूलरची. एप्रिल संपता संपता आपल्याकडे कूलरशिवाय पुस्तक उघडवत नाही, आणि ओल्या वाळ्याचा वास, जो जन्मभर आवडला, तो नाकात गेला की मला उलटी. पोरीनं कूलर बंद केला. मी चिडले, तिनं ऐकलं नाही. मग ती अभ्यासिकेत जायला लागली, ते रात्री नऊलाच परत. मला ते फार लागलं. आई उलट्या करते म्हणून पोरगी घरात थांबत नाही, असंच डोक्यात बसलं.

डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, गर्दी टाळायची असते. नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राची रांग नेमकी त्यातच आली. वडिलांचे तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद घेऊन ती एकटी गेली, एक कागद कमी पडला म्हणून पुन्हा गेली. थर्मामीटरच्या डबीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : "100.4 झाला की दवाखाना. क्रोसिन घेऊन झोपायचं नाही."

अजनीचा बाप

मला किडनीच्या दुखण्यासाठी प्रेडनिसोलोन होतं, सुरुवातीला मोठा डोस. तोंड फुगलं, भूक राक्षसाची, झोप गायब. शेजारी म्हणत, तब्येत सुधरली बाप्पा तुमची!

रात्री दोनला उठून मी पोट्ट्याचा कॅपचा (केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, उघडून बसायचो. त्यानं पुण्याची कॉलेजं वर टाकली होती. एका रात्री मी नागपूरचं पहिल्या नंबरावर आणलं. इंजिनीअरिंगला पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्या बंद. हे मला पक्कं माहीत होतं. फॉर्म कन्फर्म व्हायचा होता आणि सकाळी त्यानं पाहिलं, म्हणून वाचलं. चूक माझी, आणि धावून मीच गेलो त्याच्यावर. ताट फेकलं.

त्या गोळीनं चिडचिड होते हे खरं आहे. पण क्रम काही गोळीनं बदलला नव्हता.

पुढं डॉक्टरांनी गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर एकदाच घ्यायला सांगितली, तेव्हा झोप थोडी परतली. (मनानं बंद करू नका, ती हळूहळूच उतरवतात.) पोट्टा पुण्यात आहे. ताटाला पोचा पडलाय, त्यातच जेवतो मी.

ती मुलगी

मी पालक नाही, लिहिलं तर चालेल का? आईची केमो होती तेव्हा मी बारावीत होते. आई सांगायची, अ‍ॅसिडिटी आहे. ती उठायच्या आत मी मोरीच्या जाळीतले केस काढून टाकायचे, तिला दिसू नयेत म्हणून. ती स्कार्फ बांधून झोपायची, मला दिसू नये म्हणून.

अ‍ॅडमिशन नागपुरातच घेतली. सगळ्यांना सांगितलं, ब्रँच चांगली मिळाली. आईनं अजून विचारलं नाही.

नंदनवन

माझं उलटं. मेडिकलची नीट परीक्षा होईपर्यंत पोराला काहीच कळू दिलं नाही आणि मला पस्तावा नाही. सोमवार ते शुक्रवार रेडिएशन, घरी सांगायची शिवणक्लासला जाते. छातीची कातडी काळी पडून सोलली, त्यात आपला उन्हाळा, घामानं नुसती आग. सैल सुती कपडे, पावडर बंद, दिलेलंच मलम. रविवारी पेपर झाला, सोमवारी सांगितलं. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे, "शिवलं काय, तेवढं तरी दाखव."

मानेवाडा

खाण्याचं कोणीच लिहून नाही राहिलं! तोंड आलं की कोमट पाण्यात मीठ-सोडा, दिवसातून चार-पाचदा गुळण्या. जिभेवर लोखंडाची चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडा, लाकडी घ्या. मला थंड आंबील चालायची, बाकी काही नाही. आणि पोरांचे हाल होतात म्हणून घरात सावजी रस्सा करायला जाऊ नका. त्या वासानं मी जिना उतरून खाली पळाली होती. पोरं तर्री-पोह्यांवर महिनाभर आरामात काढतात.

धाग्याची सुरुवात करणारी

'ती मुलगी', तुझं वाचून मी पोरीला फोन केला. विचारलं, इतका वेळ अभ्यासिकेत काय करायचीस गं? म्हणाली, "अर्धा वेळ झोपायची. घरी रात्रभर तुझ्या खोलीकडे कान असायचा."

बोटांचं लिहायचं राहिलं. दुसऱ्या औषधानं, पॅक्लिटॅक्सेलनं, बोटांची टोकं बधिर झाली, ती अजून पूर्ण आली नाहीत. ती होस्टेलला निघाली तेव्हा उशीच्या अभ्र्याला टाका घालायचा होता, सुईत दोरा ओवेचना. तिनं दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवल्या. घरी आली की पुन्हा दहा भरून जाते. सध्या तीन उरल्या आहेत.