डायरीत तीन शेरे झाले म्हणून मुलीला खो-खोच्या संघातून काढलं. काय करता येईल?

पाथर्डीफाटा_आई

मुलगी नववीत आहे, नाशिकमधल्याच एका शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, दहावी तिथंच काढायचीय. १७ वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघात खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलेलं आमच्या घरात सगळ्यांनी टीव्हीपुढे बसून पाहिलं. तेव्हापासून हिला दुसरं काही सुचत नाही.

शाळा दिवाळीपासून दर महिन्याला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शाळावार्ता’ नावाची पीडीएफ टाकते. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचं मनोगत, मग चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे निकाल, स्नेहसंमेलनाची तारीख, शेवटी क्रीडा विभाग. नोव्हेंबरच्या अंकात जिल्हा जिंकलेल्या मुलींचा फोटो होता, आमची पुढच्या रांगेत, दोन्ही गुडघ्यांवर चिकटपट्ट्या. त्याच अंकात तिसऱ्या पानावर ‘विद्यार्थ्यांकडून वर्तनाच्या अपेक्षा’ छापलेल्या. खाली बारीक अक्षरात, ‘डायरीत तीन शेरे झाल्यास त्या सत्रात शाळेचे प्रतिनिधित्व करता येणार नाही.’ खरं सांगा, पीडीएफचं तिसरं पान कोण वाचतं?

आता तिचे तीन शेरे ऐका. पहिला, हातावर मेंदी. मामेबहिणीची हळद होती, सोमवारपर्यंत मेंदी जाणार कशी? दुसरा, राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आत गेटमध्ये नव्हती. तिसरा, दप्तरात मोबाइल. मोबाइल म्हणजे बटणांचा साधा फोन, बंद करून खेळाच्या पिशवीत ठेवलेला. तो मी दिलाय. सराव सुटतो तेव्हा डिसेंबरात अंधार झालेला असतो आणि माझी अंबडला सेकंड शिफ्ट असते.

गुरुवारी संध्याकाळी तिला कळलं की शनिवारी विभागीय सामन्याला धुळ्याला जाणाऱ्या गाडीत तिचं नाव नाही. पहिला सामना दोन गुणांनी गेला. डिसेंबरच्या अंकात छापलंय, ‘आमच्या मुलींनी कडवी झुंज दिली.’

आणि दहावीची पोरं ट्रिपल सीट स्कूटीवर येतात, वडापावच्या गाडीमागे गाडी लावतात आणि रुमालाने तोंड पुसत चालत गेटमधून आत जातात. त्यांच्यातला एक जण त्याच अंकात क्रिकेट संघाच्या फोटोत आहे. गाडी गेटबाहेर, म्हणून शेरा नाही!

मला विचारायचंय ते एवढंच. क्रीडा कार्यालयाचा असा काही नियम असतो का? दाद कुठं मागायची? आणि दहावीच्या क्रीडा गुणांवर याचा परिणाम होतो का?

गंगापूररोडकर

कुणाला राग येईल, पण नियम छापलेला होता ना? वाचला नाही ही शाळेची चूक नाही. आज मेंदीला सूट, उद्या नेलपेंटला, परवा केस रंगवून येतील. आमच्या वेळी पीटीचे सर नखं वाढलेली दिसली की पट्टी हातात घ्यायचे, घरी सांगितलं तर घरी वेगळा मार. काही बिघडलं नाही आमचं.

शिट्टीवाला_सर

उभं आयुष्य शिट्टी वाजवण्यात गेलं, आता निवृत्त आहे. गंगापूररोडकर, पट्टी हातात घेणारा मीही होतो, तेव्हा त्या दिवसांचं कौतुक माझ्यापुढे नको. ताईंच्या प्रश्नांकडे येतो.

क्रीडा कार्यालय वय बघतं, मूल त्याच शाळेचं आहे ना ते बघतं, फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का बघतं. मुलीच्या डायरीत काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. संघ निवडणं शाळेच्या हातात. त्यामुळे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. क्रीडा गुणांचं म्हणाल, तर शेरे तिथं मोजत नाहीत, मुलगी कुठल्या पातळीवर काय खेळली ते मोजतात. जिल्ह्याचं प्रमाणपत्र जपा आणि दहावीला प्रस्ताव शाळेकडूनच जातो, म्हणून शाळेशी बोलणं तोडू नका.

आता मुद्द्याचं. ज्याने हा नियम लिहिला तो खो-खो खेळलेला नाही, हे मी इथे बसून सांगतो. बारा जणी असतात, नऊ मैदानात, तीन राखीव. आठ जणी पाटीवर, म्हणजे मैदानातल्या आडव्या पट्टीवर, एकाआड एक उलट तोंडं करून बसतात, नववी पळते. खांबाजवळच्या पाटीवर कोण बसणार, खो मिळाला की कुठल्या पायावर उठणार, पोल डाइव्ह, म्हणजे खांब धरून झेप घेत गडी टिपणं, कुणाचं, हे महिनोन्महिने घटवलेलं असतं. तिथली मुलगी दोन दिवस आधी काढलीत की तिच्या जागी येणारी अर्धा श्वास उशिरा उठते, नाहीतर खो मिळायच्या आधीच उठते आणि फाउल होतो. आक्रमणात तीन-चार फाउल झाले की दोन गुण कुठं गेले ते शोधत बसायला नको. म्हणजे मेंदी एकीची आणि शिक्षा अकरा जणींना.

कबड्डीवाले यात शहाणे. पंच आधी हिरवं कार्ड दाखवतो, ती ताकीद. मग पिवळं, दोन मिनिटं बाहेर. मग लाल, सामन्याबाहेर. चढाईत बडबड केली म्हणून कुणी थेट लाल काढत नाही. शाळेच्या या नियमात हिरवं-पिवळं नाहीच. मेंदी, उशीर आणि फोन यांना एकाच काट्यावर तोललंय.

मी काय करायचो? उशिरा येणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन चुन्याच्या रेषा मारायच्या. थंडीत निफाडचा पारा रोज पेपरात यायचा त्या दिवसांत पहाटे चुन्याची बादली हातात घेणं ही काही साधी शिक्षा नव्हती. पुन्हा झालं तर सामन्याला यायचं, पण गुणपत्रकाजवळ बसून गुण लिहायचे. सरावातून हाकलायचो नाही. मैदानावरून हाकललेलं पोर कुठं जातं ते तुम्हीच लिहिलंय, वडापावच्या गाडीमागे.

पण हेही ऐका. एकदा माझ्या सगळ्यात चपळ पोराने सहावीतल्या एकाला बाथरूममध्ये कोंडून मारलं. दोन दिवसांवर जिल्हा होता. पालक आले, संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा फोन आला, मी त्याला नेलं नाही. पहिल्याच फेरीत हरून आलो. आज विचाराल तरी नेणार नाही. मारामारी, पंचांना शिवी, वयाचा खोटा दाखला, यांना हिरवं-पिवळं नसतं. आणि त्यात चांगला खेळाडू, वाईट खेळाडू असंही नसतं.

तेव्हा ताई, शाळेला तीन गोष्टी विचारा. नियम जूनमध्ये का नाही सांगितला, नोव्हेंबरात का? शेरा कोण लिहितं, वर्गशिक्षक का गेटवरचा शिपाई? आणि नाव कापताना क्रीडा शिक्षकाला विचारलं का? तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, पण विचारा.

सातपूरचा_बाबा

सर, छान लिहिलंत. मी दुसऱ्या टोकाने बोलतो. माझी मुलगी राखीव. वेगळी शाळा, वेगळं वर्ष, पण गोष्ट तीच. एका मुलीला अशाच कारणाने घरी ठेवलं आणि माझीला आयुष्यात पहिल्यांदा नऊमध्ये घेतलं. सगळा मोसम पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या, राखीवाचं टी-शर्ट तेवढं पांढरंशुभ्र असायचं. त्या दिवशी तिने आक्रमणात दोन गडी टिपले आणि संरक्षणात दीड मिनिट काढलं. घरी येऊन हुंदके देत बसली. परतीच्या गाडीत एकही मुलगी तिच्याशी बोलली नाही म्हणे. जणू हिनेच कुणाच्या डायरीत शेरा लिहिला होता!

नियम बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण ताई, ‘तिच्या जागी कुणाला तरी घेतलं’ ती कुणीतरी पण सकाळी सहाला उठते. शाळेत भांडायला जाल तेव्हा तिचं नाव तुमच्या तोंडून वाईट येऊ देऊ नका.

सीबीएस_वकील

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करतं (गंगापूररोडकर, पट्टी त्यातच आली). पण तो कायदा ६ ते १४ वयोगटासाठी, आठवीपर्यंतचा. नववीतल्या मुलीला संघातून वगळणं त्यात बसवायला गेलात तर टिकणार नाही. नोटीस वगैरेच्या भानगडीत पडू नका. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत उपाध्यक्ष पालकांमधला असतो, त्याला गाठा आणि विषय लेखी द्या, इतिवृत्तात येऊ द्या.

स्कूटीचं मात्र गंमतीवारी नेऊ नका. १६ पूर्ण झाल्यावर मिळतं ते लायसन्स विनागिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. रस्त्यावर दिसतात त्या स्कूटी ११० आणि १२५ च्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे शाळावार्तेच्या पहिल्या पानावर छापायला सांगा, मनोगताच्या जागी.

गंगापूररोडकर

सरांचा कबड्डीचा मुद्दा पटला. मेंदीचं माझं मत बदललेलं नाही. पण फोनवर मी शाळेच्या बाजूने नाही. माझी पुतणी क्लासहून रात्री एकटी येते, तिच्याजवळ फोन नसेल तर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

पाथर्डीफाटा_आई

सगळ्यांचे आभार, वकीलसाहेबांचे जास्त, कारण ‘इतिवृत्तात येऊ द्या’ हे वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वापरलं आणि उपमुख्याध्यापिका बाईंनी लगेच पेन हातात घेतलं.

काय झालं ते सांगते. सरांचे तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्यावर म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षीपासून जूनमध्ये देऊ.’ दुसऱ्यावर गोंधळ, कारण उशिराचा शेरा खरंच शिपायाने लिहिला होता आणि वर्गशिक्षकांनी खाली नुसती सही केली होती. तिसऱ्यावर क्रीडा शिक्षक खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी ठरलं असं, की गणवेश, मेंदी, नखं यांचे शेरे संघनिवडीत धरायचे नाहीत. सरावाच्या मुलींनी फोन सकाळी ऑफिसात पाकिटात नाव लिहून ठेवायचा, सुटताना घ्यायचा. मारामारी आणि कॉपी यांना सूट नाही, त्याला मीही हात वर केला. स्कूटीचा विषय काढला तेव्हा दोन पालक एकदम चहा घ्यायला उठले. तो पुढच्या बैठकीत.

सातपूरचे दादा, तुमचं वाचून मी लेकीला विचारलं, तिच्या जागी कोण गेली होती? म्हणाली, ‘आठवीतली आहे, उठायला उशीर करते, पण पळते माझ्यापेक्षा चांगली.’ आता दोघी एकत्र सराव करतात. हिला राग आहे तो शाळेवर नाही, धुळ्याच्या त्या खांबावर, जो हिला बघायलाच मिळाला नाही. पोरांचं काही कळत नाही.

सर, एक विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी मॅटवर खेळायचंय म्हणे. मातीवरचे बूट चालतील का?

शिट्टीवाला_सर

नाही चालणार. मातीतला बूट मॅटवर एकतर घसरतो नाहीतर अडकतो आणि घोटा मुरगळतो. तळ सपाट रबराचा हवा, फिक्या रंगाचा, पातळ. वाढत्या पायाचा म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, आयांची ती सवय मला माहीत आहे. अंगठ्याकडच्या टोकाची शिवण दाबून बघा, पोल डाइव्ह मारणाऱ्यांचा बूट आधी तिथंच फाटतो. आणि दुकानात तिला नुसती चालवू नका, खाली बसवून दोन्ही बाजूंनी उठवून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

सातपूरचा_बाबा

सर, गुडघ्याच्या पट्ट्यांचं पण सांगा. माझी दर आठवड्याला एक जोडी हरवते.